नॅलॉक्सोनच्या त्या फॉरवर्डबद्दल थोडं

अमेरिकेत नॅलॉक्सोन (हेरॉइन, फेंटानिलसारख्या ओपिऑइड म्हणजे अफूवर्गीय ड्रग्जचा ओव्हरडोस उतरवणारं औषध) डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि दुसऱ्याला दिलं तर थेट जेल, असा एक मेसेज फिरतोय. चूक आहे. २९ मार्च २०२३ ला एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) ४ मिलिग्रॅमचा नार्कन, म्हणजे नॅलॉक्सोनचाच नाकात मारायचा स्प्रे, चिठ्ठीशिवाय विकायला मंजुरी दिली, तो आता दुकानातून कोणीही घेऊ शकतं. इंजेक्शनला मात्र अजून प्रिस्क्रिप्शन लागतं, बहुतेक गोंधळ इथूनच झाला असावा, पण तिथेही बऱ्याच राज्यांत स्टँडिंग ऑर्डर असते म्हणजे एकाच डॉक्टरच्या सरसकट आदेशावर फार्मासिस्ट कुणालाही देऊ शकतो.

आता जेलचं. नॅलॉक्सोन हे नशेचं औषध नाहीच, ओपिऑइडचा ओव्हरडोस उतरवणारं आहे, ते जवळ बाळगणं गुन्हा कसा असेल? चांगल्या हेतूने देणाऱ्याला बहुतेक राज्यांत कायद्याचं संरक्षण आहे, न्यू मेक्सिकोने तर २००१ मध्येच असा कायदा केला. ओव्हरडोसच्या वेळी ९११ ला (तिथला आपत्कालीन नंबर) फोन करणाऱ्याला जवळ ड्रग्ज सापडल्याच्या केसमधूनही बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण ही सूट राज्याराज्यात वेगळी, आणि ड्रग्ज विकण्याच्या गुन्ह्याला सहसा नाहीच. आणि हो, स्प्रे मारला तरी ९११ ला फोन करायचाच, कारण त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि श्वास परत मंदावू शकतो.