‘सिन्स टेन इयर्स’ आणि ‘फॉर टेन डेज’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मी आभारी आहे. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य मी लेखात चूक ठरवले, यावर आपला आक्षेप आहे. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ या मराठी वाक्यात वर्तमानकाळच असतो, भारतात असंख्य लोक इंग्रजी असेच बोलतात आणि ते सर्वांना समजते, मग परक्या कानांसाठी आपण आपले वाक्य का बदलावे, असे आपण विचारता. शिवाय ‘सिन्स’ आले की वाक्यात पूर्ण वर्तमानकाळ (‘हॅव लिव्हड’सारखे रूप) हवाच, हा माझा नियमही आपल्याला मान्य नाही.

नियमाबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे. ‘इट इज टेन इयर्स सिन्स आय लेफ्ट नाशिक’ हे वाक्य शुद्ध आहे आणि त्यात पूर्ण वर्तमानकाळाचे एकही क्रियापद नाही. तो नियम मी नको तितका ठाम करून मांडला होता. लेखातून तो नियम सांगणारे वाक्य आज काढून टाकले आहे.

आपला मुख्य आक्षेप मात्र मला अर्धाच पटतो. अशा ठिकाणी वर्तमानकाळ वापरणे ही मराठी माणसाची ढिलाई आहे, असे मी मानत नाही. जर्मन भाषेत ‘झाइट’ आणि फ्रेंचमध्ये ‘दप्युई’ या ‘पासून’ अशा अर्थाच्या शब्दांबरोबर, आजही चालू असलेली गोष्ट वर्तमानकाळातच सांगतात. वेगळी वाट धरली आहे ती इंग्रजीने. त्यातच आपले ‘पासून’ हे ‘सोमवारपासून’ आणि ‘चार दिवसांपासून’ या दोन्ही ठिकाणी सारखेच चालते, तर इंग्रजीत आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीच्या लांबीसाठी ‘फॉर’ अशी वाटणी आहे. ‘सिन्स टेन इयर्स’ हे त्या एका ‘पासून’चे सरळ भाषांतर आहे. औपचारिक लेखनात आणि परीक्षेत मी ते आजही दुरुस्त करीन, पण त्यामुळे ऐकणाऱ्याचा गैरसमज होत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे.

गैरसमज होतो तो दुसऱ्याच वाक्यांनी, आणि दोन्ही प्रकारच्या चुका मी एकाच पंगतीला बसवल्या, हा माझ्या लेखाचा खरा दोष आहे. मुलीकडे परदेशी जाऊन दहा दिवस झालेल्या गृहस्थांनी शेजाऱ्याला ‘आय ॲम हिअर फॉर टेन डेज’ असे सांगितले, तर तो समजतो की यांचा सगळा मुक्कामच दहा दिवसांचा आहे. त्यांना म्हणायचे असते ‘आय हॅव बीन हिअर फॉर टेन डेज’. प्रश्नाचेही तसेच आहे: ‘हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?’ म्हणजे एकूण किती दिवसांसाठी आलात, आणि ‘हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?’ म्हणजे येऊन किती दिवस झाले. विमानतळावर पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर हा फरक किरकोळ राहत नाही. दवाखान्यात ‘आय हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हटले, तर ताप उतरला असा अर्थ होतो. अंगात ताप असेल तर ‘आय हॅव हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ असेच म्हणावे लागते. नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क्ड इन धिस बँक फॉर सिक्स इयर्स’ असे लिहिणाऱ्याने ती बँक सोडली आहे, असेच वाचणारा धरून चालतो.

हा भेद आपल्या भाषेला परका नाही, हे मी लेखात सांगायला हवे होते. ‘तीन दिवस ताप आहे’ आणि ‘तीन दिवस ताप होता’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. नकार आला की आपणही वर्तमानकाळ सोडतो: ‘तो मला रोज भेटतो’, पण ‘तो मला चार महिन्यांपासून भेटला नाही’. आणि ‘मला पुण्यात येऊन दहा वर्षे झाली’ या अस्सल मराठी रचनेत तर आरंभ, लांबी आणि आजपर्यंतचा हिशेब हे सारे एकत्र आलेले आहे. क्षणात घडून जाणाऱ्या गोष्टींसाठी हीच रचना फार उपयोगी पडते. ‘आजोबांना जाऊन दहा वर्षे झाली’ हे डोळ्यांसमोर असले की ‘ही हॅज डाइड फॉर टेन इयर्स’ असे लिहिले जाणार नाही, कारण जाणे क्षणाचे असते आणि दहा वर्षे त्यानंतरची असतात. म्हणून इंग्रजीत ‘ही हॅज बीन डेड फॉर टेन इयर्स’ किंवा ‘ही डाइड टेन इयर्स अगो’.

चालू असलेल्या क्रियेसाठी ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स’ असे म्हणता येते. ‘हॅव बीन नोइंग’ हा प्रयोग मात्र चालत नाही; ओळख असणे, मालकी असणे अशा स्थितींसाठी ‘आय हॅव नोन हिम फॉर फाइव्ह इयर्स’ हा साधा पूर्ण वर्तमानकाळ पुरतो.

वर्गात आधी काय दुरुस्त करावे, असे आपण शेवटी विचारले आहे. माझे उत्तर असे, की ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी विद्यार्थ्याला एवढेच विचारावे: तू सांगतोस ती गोष्ट संपली आहे, अजून चालू आहे, की पुढे होणार आहे? त्याचे मराठी उत्तर ऐकावे आणि मगच त्याला इंग्रजी क्रियापद निवडू द्यावे.