माझा आकडा मला दाखवा

गेल्या रविवारी टेनिसच्या डबल्समध्ये, तिसऱ्या सेटऐवजी खेळतात त्या दहा पॉइंटच्या मॅच टायब्रेकमध्ये आम्ही ९-८ ने पुढे होतो. एक पॉइंट, की मॅच आमची. समोरून लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच मारलेला चेंडू, आला, बेसलाइनपाशी पडला आणि माझी पार्टनर ओरडली, ‘आऊट!’ मी दोन पावलांवर होते. चेंडूची कड रेषेला लागलेली मला स्वच्छ दिसली. डबल्समध्ये पार्टनर्सचं एकमत नसेल तर चेंडू आत, असा नियम आहे. मी पॉइंट देऊन टाकला. ९-९. मग ९-११.

पार्टनर गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. पण परत तशी वेळ आली तरी मी हेच करेन.

न्यू जर्सीत मी सहा वर्षं यूएसटीएची, म्हणजे अमेरिकेच्या टेनिस संघटनेची, लीग खेळतेय. आमच्या मॅचला अंपायर नसतो. आपल्या बाजूचा कॉल आपणच द्यायचा आणि शंका असेल तर फायदा समोरच्याचा. चेंडू ९९ टक्के बाहेर असला तरी तो १०० टक्के आत, इतकं सरळ त्या नियमावलीत लिहिलंय. मला या खेळाचं सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते यासाठी.

आणि म्हणूनच रेटिंगचा मला मनापासून राग येतो. लीगमध्ये कोण कुठल्या लेव्हलला खेळणार हे एनटीआरपी नावाच्या रेटिंगवर ठरतं, आणि ते अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यांत असतं: ३.०, ३.५, ४.०. माझं ३.५. आत कॉम्प्युटर शंभराव्या भागापर्यंत हिशेब ठेवतो, पण तो आकडा मला दाखवत नाहीत. ३.०२ वाली पण ३.५ आणि ३.४९ वाली पण ३.५! हिशेब नुसत्या हारजितीचाही नाही. अपेक्षेपेक्षा किती गेम कमी-जास्त घेतले यावर तो चालतो. कमकुवत जोडीला ६-४, ६-४ हरवूनही आकडा खाली जाऊ शकतो. मग वर्षाच्या शेवटी अचानक कळतं, की तुम्ही ४.० झालात. वर्षभर एकत्र खेळलेली टीम तिथेच फुटते.

खरी कीड इथूनच लागते. नवीन माणूस स्वतःचं रेटिंग स्वतः ठरवून येतो. ते मुद्दाम कमी लावलं आणि खेळताना तीनदा त्या लेव्हलची मर्यादा ओलांडली, म्हणजे तीन ‘स्ट्राइक’ झाले, तर त्या लेव्हलमधून बाद. नियम चांगलाच आहे. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिला सेट ६-१ घेतला, तेव्हा आमच्या तेव्हाच्या कॅप्टनने जाळीजवळ येऊन, माझ्या तेव्हाच्या पार्टनरकडे बघत हळूच सांगितलं, “आता जरा गेम सोडा, हिचे दोन स्ट्राइक झालेत असं वाटतंय.” ‘वाटतंय’, कारण नक्की कुणालाच ठाऊक नसतं. मी सोडलं नाही. पुढच्या सीझनला त्या टीमने मला बोलावलं नाही. समोर घाम गाळत खेळणाऱ्या बाईला खोटे गेम द्यायचे, याहून मोठा अपमान तिचा दुसरा कुठला?

आकडा दाखवला तर लोक आणखी फसवतील, असं म्हणतात. अहो, फसवणारे आजही अंदाज बांधणाऱ्या साइट्स बघून गणित जमवतातच. अंधारात राहतो तो सरळ खेळणारा. यूटीआर आणि डब्ल्यूटीएन ही टेनिसचीच दुसरी दोन रेटिंग्ज. यूटीआर दिसतो. डब्ल्यूटीएन तर ४० पासून १ पर्यंत दशांशासकट दिसतो, आणि तो यूएसटीएनेच स्वीकारलाय. मग ज्या आकड्यावर आमची लेव्हल आणि टीम ठरते, तेवढाच का झाकायचा? मॅच पॉइंटला रेषेचा निर्णय माझ्यावर सोपवता, तर माझा स्वतःचा आकडा माझ्या हातात द्यायला काय हरकत आहे?

हेच सगळं लिहून लीगला मेल करतेय. इथे लीग खेळणारे आपले बरेच जण आहेत. ज्यांना पटतंय त्यांनी इनबॉक्समध्ये नाव कळवा, शुक्रवारी पाठवते.