१८ नंबरमधली बाई

लंडनला कोणी पाहुणा आला की लोक त्याच्या हातात आधी ट्यूबचा, म्हणजे जमिनीखालच्या रेल्वेचा, नकाशा देतात. रंगीत, सरळ रेषांचा, बघून वाटतं यात काय अवघड आहे. बसचा नकाशा कोणी देत नाही, तो बघितला तर पाहुणा हिथ्रोवरूनच परतीचं विमान पकडेल.

मी वेम्बलीत राहते आणि जिथं जायचं तिथं बसनेच जाते. एक तर स्वस्त, १.७५ पौंडात कितीही लांब जा (म्हणजे आपले दोनशेच्या आसपास, इथं आल्यावर पौंडाचे रुपये करायचे नाहीत असं सगळे सांगतात आणि सगळेच करतात), आणि दुसरं म्हणजे बोगद्याची भिंत बघत बसायला मला आवडत नाही. नवरा ट्यूबवाला आहे. तो ऑफिसला पोचून पहिला चहा घेतो तेव्हा मी अजून स्टॉप शोधत असते.

या शहरात १९ हजारांच्या आसपास बसस्टॉप आहेत, त्यामुळे स्टॉप सापडत नाही असं म्हणता येणार नाही. स्टॉप ढिगाने सापडतात, आपला सापडत नाही. मोठ्या चौकात प्रत्येक स्टॉपच्या डोक्यावर एक अक्षर असतं, ए, बी, सी असं. मोबाईल सांगतो, ‘एल’वर जा. आपण ‘जे’पाशी उभे असतो, साधा हिशोब की पुढं ‘के’ आणि मग ‘एल’, तर पुढं निघतो ‘सी’, त्याच्या समोर ‘पी’, आणि ‘एल’ कोपऱ्यावरून वळून एका चपलांच्या दुकानापुढं उभा, आणि तोही कळतो कधी तर आपली बस तिथून सुटताना दिसते तेव्हा. ही अक्षरं कोणीतरी चिठ्ठ्या टाकून वाटली असणार अशी माझी खात्री आहे.

तर अशात साताऱ्याची आत्या आली. आत्या म्हणजे एसटीची जुनी गिऱ्हाईक, ट्यूबचे सरकते जिने बघितल्याबरोबर म्हणाली, ‘मी या घसरगुंडीवर पाय ठेवणार नाही, आपण गाडीनं जाऊ.’ मला आनंदच झाला, घरात एक तरी बसवालं माणूस. तिला मेणाचे पुतळे बघायचे होते, म्हणून वेम्बलीहून १८ नंबर धरायची ठरली, ती सडबरीहून युस्टनला जाते आणि वाटेत बेकर स्ट्रीटला मादाम तुसाँच्या दारातच सोडते.

इथं स्टॉपवर नुसतं उभं राहून चालत नाही, ड्रायव्हरला हात दाखवावा लागतो, नाहीतर एखादा तसाच निघून जातो. हे मी आत्याला सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘हात दाखवा गाडी थांबवा, मला नको शिकवूस.’ आणि बस लांबवर दिसल्याबरोबर ती पदर खोचून रस्त्याच्या कडेला दोन्ही हात हलवत उभी राहिली. बस थांबली. बसच्या मागची पोस्टाची व्हॅनपण थांबली.

त्याआधी पाटीचा तमाशा झालाच होता. स्टॉपवर दिवे लागलेली पाटी असते, कुठली बस किती मिनिटांत ते सांगते. १८, तीन मिनिटं. मग दोन. मग बराच वेळ दोन. मग चार! मग ‘ड्यू’, म्हणजे आलीच, आणि मग ती ओळच पाटीवरून गेली. रस्त्यावर बघावं तर बस नाही. आत्या पाटीकडे बघत म्हणाली, ‘गेली कुठं? आपण काय झोपलोवतो?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. या शहरात माझ्या कित्येक बसेस पाटीवर आल्या आणि पाटीवरूनच गेल्या.

बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, २०१४ च्या जुलैपासून बंद आहेत. दारातल्या पिवळ्या चकतीला कार्ड टेकवायचं, उतरताना परत टेकवायचं नाही. एका कार्डावर एकच माणूस, म्हणून नवऱ्याचं एक जादा कार्ड मी आत्याला दिलं. तिने टेकवलं, टुक वाजलं, आणि ती तिथंच थांबली. तिकिटासाठी. मागं रांग. ‘आत्या, तिकीट नसतं.’ ‘मग चेकर आला की काय दाखवू?’ ‘कार्ड.’ ‘आणि बायकांना अर्धं आहे का? विचार की.’ आता एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे हे तिच्या दृष्टीने एवढं साधं आहे की जगात कुठं नसेल असं तिला वाटतच नाही. साठीच्या पुढच्यांना इथं फुकट आहे, पण ते इथं राहणाऱ्यांना, हे मी तिला सांगितलंच नाही, नाहीतर ती राहिली असती.

वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली. मुंबईच्या जुन्या डबलडेकरमध्ये या सीटसाठी मी भावाशी मारामाऱ्या केल्यात, त्या गाड्या २०२३ च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या तेव्हा इथं बसून मला वाईट वाटलं होतं. झाडाच्या फांद्या काचेवर सटासट आपटतात आणि प्रत्येक वेळी आपण मान खाली घालतो, काच आहे हे माहीत असून.

आणि मग ती बाई बोलायला लागली.

बसमध्ये रेकॉर्ड केलेली एक बाई असते. प्रत्येक स्टॉपला नंबर सांगते, कुठं चालली ते सांगते, पुढचा स्टॉप कुठला ते सांगते. आवाज गोड, राग नाही, लोभ नाही. अडचण एवढीच की ती आपण न विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देते. बस १८ नंबरची आहे हे मला माहीत असतं, म्हणून तर मी चढलेली असते. वीस मिनिटं आपण एकाच सिग्नलला का आहोत, हे मात्र बाई सांगत नाही. २०१८ च्या सुरुवातीला तिच्या तोंडी नवीन वाक्य घातलं होतं, ‘घट्ट धरा, बस आता सुटणार आहे’, आणि ते बस सुटून बरंच अंतर गेल्यावर वाजायचं, कधी कधी पुढच्या स्टॉपला थांबता थांबता. लोक इतके हसले की ते वाक्य बदलावं लागलं.

आत्याने विचारलं, कंडक्टर कुठाय. मी म्हटलं, नाही. मागून उघड्या दाराच्या जुन्या गाड्यांवर होते, त्या २००५ च्या डिसेंबरात रोजच्या रूटवरून गेल्या. मग २०१२ मध्ये तशाच नव्या गाड्या काढल्या, त्यातल्या काहींवर मागच्या पायरीशी माणूस उभा केला, पण तो तिकीट देत नव्हता, आणि २०१६ मध्ये त्यालाही काढलं. ‘तिकीट देत नव्हता तर मग करत काय होता?’ ‘उभा राहायचा.’ आत्याला हे पटलं नाही. मलाही कधी पटलेलं नाही.

पुतळे बघून झाले (आत्याचं मत, बच्चन बरा, बाकीचे आजारी दिसतात). आता परत. इथं एक सोय आहे, पहिलं कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, पैसे एकदाच कापतात. आत्याला हे मी भलत्याच वेळी सांगितलं, म्हणजे बेकर स्ट्रीटला १८ मध्ये चढताना. झालं, तिने घड्याळच लावलं. ‘तासात उतरून भाजी घेऊन दुसऱ्या गाडीनं घरी.’ वेम्बलीत इलिंग रोडला भाजी, साड्या, पान, सगळं मिळतं, पान खाऊन थुंकू नका अशी पाटीसुद्धा, त्यामुळे आत्याला तो रस्ता फार आपला वाटतो.

एजवेअर रोड गेला. हॅरो रोडला बस रांगायला लागली. केन्सल ग्रीनचं १८३३ सालचं कब्रस्तान आलं आणि जाईचना, भिंत आणि भिंत. ब्रुनेल, ज्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वे बांधली, तो तिथं पुरलाय, रेल्वेचा माणूस आणि कायमची विश्रांती १८ नंबरच्या रस्त्यावर. तेवढ्यात बाई म्हणाली, गाड्यांमधलं अंतर सारखं करण्यासाठी ड्रायव्हरला इथं काही मिनिटं थांबायला सांगितलंय. मी भाषांतर केलं. आत्या म्हणाली, ‘म्हणजे आपण वेळेच्या आधी पोचतोय म्हणून?’ घड्याळात अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

हार्लेस्डेनच्या घड्याळाच्या खांबापाशी बाई परत बोलली. ही बस इथंच संपते, आपलं सामान घेऊन उतरा. अर्ध्या रस्त्यात. का? कोणालाच माहीत नाही. एक जण म्हणाला स्टेडियमवर मॅच आहे, दुसरा म्हणाला मॅच काल होती. इंग्रज माणूस अशा वेळी ‘टिपिकल’ एवढंच पुटपुटतो आणि उतरतो. सगळे गप उतरले. आत्या उतरली नाही. ती खाली ड्रायव्हरच्या काचेपाशी गेली, काचेवर दोन बोटांनी टकटक केली आणि खणखणीत मराठीत विचारलं, ‘का हो, पुढची कधी?’ ड्रायव्हरने मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि पाच बोटं दाखवली. मग आरशातून मागं बघून एक बोट कमी केलं.

चार मिनिटांत बस आली. खरंच आली, पाटीवर नव्हती तरी. आत्याने सगळ्यांच्या आधी घुसून कार्ड टेकवलं, टुक वाजलं, सकाळी वाजलं तसंच.

‘तासाच्या आत झालं ना? मोफत धरलं ना?’

मी म्हटलं, ते आत्ता कळत नाही, हिशोब रात्री होतो, उद्या बँकेत बघायचं.

‘असं कसं कळत नाही? मग त्या बाईला विचार की.’

बाई म्हणाली, एटीन टू सडबरी.