‘ओपनडब्ल्यूआरटी चालेल म्हणाले, चाललं नाही’: तुमच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा राउटर घेताना ‘ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरमध्ये टाकायची, लिनक्सवरची मोफत प्रणाली) चालेल’ असं आमच्या काउंटरवर सांगितलं, घरी तिची फाइल चढेना, आणि खोकं फोडलं म्हणून राउटर परत घेतला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि चूक पूर्णपणे आमची आहे.

काउंटरवर नुसता मॉडेल नंबर बघितला गेला, व्हर्जन बघितलंच नाही. या मॉडेलच्या व्ही१३ मध्ये ८ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम (चालू कामाची मेमरी) आहे. तुम्हाला गेलेल्या व्ही१४ मध्ये ४ आणि ३२. नाव तेच, प्रोसेसरही दोन्हींत मीडियाटेक एमटी७६२८, पण जागा निम्मी. ४ एमबीत कर्नल (प्रणालीचा गाभा) कसाबसा बसवला तरी सेटिंग सेव्ह करायला जागा उरत नाही, आणि ३२ एमबी रॅम वायफायवर चार मोबाइल आले की संपते, मग राउटर मध्येच रीस्टार्ट होतो. म्हणून कृपया ओपनडब्ल्यूआरटीची जुनी आवृत्ती शोधून त्यात कोंबू नका. तिला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. व्ही१३ची फाइल टीएफटीपीने (केबलवरून राउटरला थेट फाइल पाठवायची पद्धत) ढकलून बघू तर अजिबात नका. बूटलोडर (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) पुसला गेला तर चिप काढून प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर लिहावी लागते.

(एकाच नावाखाली आतला माल बदलणं जुनंच आहे. लिंक्सिसने २००५ मध्ये डब्ल्यूआरटी५४जीच्या व्ही५ मधून लिनक्स काढलं, फ्लॅश २ एमबीवर आणली, आणि लिनक्सवाल्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा काढला.)

राउटर, अडॅप्टर आणि बिल घेऊन या. खोकं फोडलेलं असलं तरी पूर्ण पैसे परत देतो. बदली हवी असेल तर आर्चर सी६ व्ही३ घ्या: एमटी७६२१, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, सगळे पोर्ट गिगाबिट. यातही व्ही३च हवा, दुसऱ्या व्हर्जनला त्याची फाइल लावायची नाही. शिवाय ८४१एनचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. तुमचा प्लॅन १००च्या वरचा असेल तर तो राउटर तसाही कमीच पडला असता. हे विचारायचंही आमच्याकडून राहिलं.

सी६च्या सेटिंगमधल्या, कंपनीने दिलेल्या अपग्रेड पानावरून ओपनडब्ल्यूआरटीची ‘फॅक्टरी’ नावाची फाइल चढवा. ‘सिसअपग्रेड’ची फाइल ओपनडब्ल्यूआरटी बसल्यानंतरच्या अपडेटसाठी असते. आधी एसएचए२५६ (फाइल धड उतरली का ते तपासायचा कोड) जुळवून घ्या, आणि हे काम लॅन केबल लावूनच करा. रीस्टार्टनंतर वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका, ते मुद्दामच बंद असतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, यूजर रूट (root), पासवर्ड रिकामा. पहिल्यांदा पासवर्ड ठेवा, मग देश ‘भारत’ निवडून वायफाय चालू करा. इथे बरेच जण अडकतात: फायबरवाल्याच्या डब्याचा पत्ताही पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो, आणि दोन्हीकडे तोच पत्ता असला की इंटरनेट येत नाही. सी६च्या लॅनचा पत्ता १९२.१६८.५.१ केला की सुटतं.

व्हर्जन खोक्यावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, सील न तोडता वाचता येतं. तुमच्या बिलावर आम्ही ते लिहिलं नव्हतं. बदली नेताना मॉडेलच्या पुढे व्हर्जन लिहून, त्यावर शिक्का मारून घ्या.