मांडीच्या हाडाच्या चाचणीबद्दल, लातूरच्या आमच्या मेडिकल कोडिंग (आजार-दुखापतींना ठरलेले कोड देण्याच्या) क्लासतर्फे

ताई, तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, "बरोबर कोडला शून्य दिलं, का ते कुणी सांगितलं नाही." का ते त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मनापासून माफी मागते.

काल रात्री तुमचा पेपर काढून बसले. सातव्या प्रश्नातल्या ७२ वर्षांच्या आजी न्हाणीत घसरून पडल्या, उजवा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. तुम्ही एस७२.१४१ए, म्हणजे दुखापतीनं मांडीचं हाड मोडल्याचा कोड, लिहिलंत. जागा अचूक ओळखलीत. हाड मानेत नव्हे, मानेखालच्या दोन उंचवट्यांच्या मध्ये मोडलं होतं, म्हणून ७२.० नाही, ७२.१. हाड सरकलं की नाही हे रिपोर्टात नव्हतं, तिथं 'सरकलेलं' धरलंत, तेही नियमाला धरूनच. एवढं ज्याला जमतं तो विद्यार्थी कच्चा नाही.

पण जुन्या आजारांच्या ओळीत वयोमानाचा ऑस्टिओपोरोसिस लिहिलाय. हाड ठिसूळ असल्याची नोंद आहे आणि धडधाकट हाड सहसा मोडणार नाही अशा साध्या पडण्यानं ते मोडलं, तर अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम या कोडयादीच्या नियमांत एस७२ चालत नाही, ऑस्टिओपोरोसिसमुळे हाड मोडल्याचा एम८० घ्यावा लागतो. इथं एम८०.०५१ए. मोटारसायकलवरून फेकल्या गेलेल्या पंचविशीतल्या पोराला एस७२च लागला असता. आपल्या घरात 'पडली म्हणून मोडलं' एवढंच म्हणतात. शिकताना मीही तेच धरून बसले होते. पण आजींना एस७२ दिला की त्यांचा मूळ आजारच विम्याच्या क्लेममधून गळतो, म्हणून या चुकीला आम्ही अर्धे गुणही देत नाही.

मात्र ती ओळ तुमच्या झेरॉक्सवर इतकी फिकट उमटलीय की मला कागद दिव्याला लावून वाचावा लागला. दोष आमचा. हा प्रश्न सगळ्यांसाठी रद्द केलाय.

नवव्या प्रश्नात तर तुम्हीच बरोबर होता. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी फेरतपासणी, हाड नीट जुळतंय, म्हणजे कोडचं शेवटचं अक्षर डी, बरं होतानाच्या तपासणीचं. आमच्या उत्तरसूचीत मूळ उपचार चालू असतानाचं ए छापलं गेलं. तुमचे दोन गुण वाढवलेत.

शनिवारी दुपारी दोनला सगळे पेपर समोर ठेवून एकेक कोड पुन्हा सोडवणार आहोत. औशाकडच्या मुलींची संध्याकाळची एसटी चुकू नये म्हणून ही वेळ ठेवलीय. तुमचा पेपर माझ्या टेबलावर आहे, या.