पडाव कुठे गेले?
मालवणच्या बंदरात येणारी जुनी आगबोट एका व्हिडिओग्राफरने एआय वापरून व्हिडिओत दाखवलीय; हा प्रयोग मनापासून आवडला. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्यानंतरच्या मुलांना चाकरमानी बोटीने गावी येत हे खरंच वाटत नाही.

पण चित्रात बोट थेट धक्क्याला लागलीय. तशी ती लागत नसे हो! खडकांमुळे बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. माणसं, ट्रंका, वळकट्या सगळं पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला. लाटेने पडाव वर उचलला की नेमक्या त्या क्षणी खलाशी बायामुलांना हात धरून ओढून घेत. हे एआयला कोण सांगणार? ऐंशी ओलांडलेली माणसं गावागावांत आहेत अजून. पुढचा भाग करण्याआधी त्यांना हे दाखवा, आवाजही त्यांचाच घ्या. आणि चित्र एआयचं आहे हे कोपऱ्यात ठळक लिहा, कृपया.