‘दूध तोडा, दात सुधारतील’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस सांगलीत एक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला, बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, चुलत जावेनं वेगळा पाठवला आणि शेवटी आत्यांनी (म्हणजे सासूबाई, आमच्यात आत्याच म्हणतात) जेवताना मोठ्यानं वाचून दाखवला. मजकूर थोडक्यात असा: दीड-दोन वर्षांच्या बाळाचे पुढचे दात किडतात ते फक्त आईच्या रात्रीच्या दुधानं, आजच अंगावरचं तोडा म्हणजे कीड आपोआप थांबेल, तोवर लवंगेचं तेल लावा, साखर बंद करा पण गूळ, मध, बेदाणा चालेल, फ्लोराइडची पेस्ट विष आहे, दुधाचे दात पडणारच आहेत तेव्हा दवाखान्यात पैसे घालू नका, आणि भूल तर अजिबात देऊ देऊ नका, मेंदू कमजोर होतो. खाली ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’ आणि हात जोडलेले पाच-सहा इमोजी.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या पोराचे वरचे चारी दात ह्या सगळ्यातनं गेलेत, तो आता सव्वादोन वर्षांचा आहे, अजून पितोय, आणि ह्या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मी एकदा तरी खरी मानलेली आहे. म्हणून एकेक घेते.

पहिलं म्हणजे ‘फक्त आईच्या दुधानं’. ह्यातला ‘फक्त’ हा शब्दच सगळा घोळ घालतोय. दात किडायला तोंडातले जंतू लागतात, त्यांना खायला साखर लागते, आणि त्यांनी केलेलं आम्ल दातावर बसून राहायला वेळ लागतो. आईच्या दुधात साखर आहे, लॅक्टोज, शंभर मिलीला साधारण सात ग्रॅम, गाईच्या दुधापेक्षा जास्तच, ते कोण नाकारत नाही. पण पहिल्या वर्षात अंगावर पिणाऱ्या बाळांचे दात बाटलीवाल्यांपेक्षा कमी किडतात असंच अभ्यास सांगतात. वर्षानंतर मात्र, दात आलेले असताना रात्रभर उठून उठून पीत राहिलं आणि दात घासलेच नाहीत तर धोका वाढतो, हेही तितकंच खरं. ब्राझीलच्या पेलोटास शहरात जन्मापासून मुलांच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्याचा निकाल २०१७ला छापून आला, तेराशेवर मुलं. दोन वर्षं किंवा जास्त पिलेल्या मुलांत जोरात दात किडायचं प्रमाण वर्षाच्या आत सोडलेल्यांच्या २.४ पट निघालं, पण १३ ते २३ महिने पिलेल्यांत काही फरक नाही. म्हणजे मेसेजमध्ये ज्या दीड वर्षाच्या बाळाचं दूध तोडायला सांगितलंय त्याच वयाला त्या अभ्यासात दूध दोषी निघालं नाही. आणि दोन वर्षांच्या पुढं धोका वाढतो हे मला सरळ लागू आहे, ते मी लपवत नाही, म्हणूनच आमच्याकडं ब्रशच्या बाबतीत आता दयामाया नाही.

आणि दिवसभराचं कोण मोजणार? आमच्याकडं सकाळी आजोबांच्या चहात बुडवलेलं बिस्कीट, दहाला शेजारच्या काकूंकडं राजगिऱ्याची वडी, दुपारी झोपेतनं उठला की आत्या मूठभर बेदाणा पुढ्यात ठेवायच्या म्हणजे रडत नाही, संध्याकाळी भडंग (त्यात मुठीनं पिठीसाखर घालायची आमच्यात पद्धत), खोकला झाला की गोड सिरप. प्रत्येक वेळी खाल्लं की अर्धा तासभर तोंडात आम्ल राहतं, मग लाळ हळूहळू ते धुते आणि दातातनं गेलेलं परत भरते. आता दिवसातनं आठ वेळा तोंड चालू असलं तर लाळेनं काम कधी करायचं? मी एकदा फ्रीजवर कागद लावून दोन दिवस लिहिलं, तर दिवसाला खाण्याच्या अकरा वेळा निघाल्या, अंगावरचं धरलंच नाही तरी. तो कागद बघितल्यावर घरात थोडा वेळ कोण कुणाशी बोलेना.

मेसेज लिहिणाऱ्याला हेही सुचलं नाही की दात किडवणारे जंतू बाळ पोटातनं घेऊन येत नाही, ते घरच्यांच्या लाळेतनं जातात, एकच चमचा, फुंकून दिलेला घास, भाकरी चावून मऊ करून भरवणं. आत्यांनी माझ्या नवऱ्याला असंच वाढवलं, प्रेमानंच. माझ्या स्वतःच्या दोन दाढा किडलेल्या होत्या आणि त्या मी ‘पाजतीये, आत्ता इंजेक्शन नको’ म्हणून दीड वर्ष तशाच ठेवल्या, तोही येडेपणाच. दाढेला बधिर करायचं साधं इंजेक्शन, पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन हे पाजणाऱ्या बाईला चालतं, एक्सरेही चालतो. माझ्या तोंडातला साठा आधी साफ व्हायला पाहिजे होता.

दुसरं, ‘दूध तोडलं की कीड थांबेल’. हे मी करून बघितलंय म्हणून सांगते. पोरगा एकोणीस महिन्यांचा असताना दाखवलेल्या पहिल्या दवाखान्यात (नाव घेत नाही) तोंडात धड बघितलंसुद्धा नाही, ‘अजून पाजता? आधी तोडून या, मग बघू’ म्हणून परत पाठवलं. मी रडत रडत दूध सुटावं म्हणून छातीला कोरफड लावली. पहिली रात्र त्यानं घर डोक्यावर घेतलं, दुसऱ्या रात्री मीही घेतलं, तिसऱ्या रात्री ह्यांनी कंटाळून गाईच्या दुधात दोन चमचे साखर घालून बाटली दिली आणि तो बाटली तोंडात धरूनच झोपला. तीन आठवडे असंच चाललं, मग परत अंगावर घेतलं. म्हणजे अंगावरचं तोडलं आणि त्याच्या जागी दातांना त्याहून वाईट गोष्ट आणून ठेवली, कारण आईच्या दुधावर दात किती किडतो ह्यावर वाद होईल पण साखर घातलेल्या रात्रीच्या बाटलीवर वाद नाही. हिरडीजवळच्या पांढऱ्या रेघा त्या तीन आठवड्यांत तपकिरी झाल्या.

आणि ती पांढरी रेघ, ती ओळखायला शिका, तीच महत्त्वाची. वरचा ओठ उचलायचा, उजेडात, दात कापडानं कोरडा करायचा, हिरडीला लागून खडूनं ओढल्यासारखी रेघ दिसली तर तिथला दात विरघळायला लागलाय, अजून खड्डा नाही. ह्या पायरीवर फ्लोराइडनं आणि खाण्याच्या वेळा कमी करून ते मागं फिरतं. खड्डा पडला की मग दूध तोडा, साखर तोडा, नवस बोला, तो भरून येत नाही, फार तर तिथंच थांबतो. खालचे पुढचे दात बहुतेक वाचतात कारण पिताना जीभ त्यांच्यावर असते आणि लाळही तिथंच सुटते, म्हणून नुसतं ‘आ कर’ म्हणून समोरनं बघितलं तर सगळं छान वाटतं. वरचा ओठ उचलल्याशिवाय कळत नाही.

बरं, गूळ-मध-बेदाणा. आपण सांगलीकर, गुळाचा बाजार आपला, तासगावचा बेदाणा आपला, त्यामुळं हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण जंतूला गूळ आणि साखर ह्यातला फरक कळत नाही. गूळ म्हणजे मुख्यतः तीच उसाची साखर. बेदाण्यात शंभर ग्रॅमला साठेक ग्रॅम साखर, आणि वर तो चिकट, दाढेच्या खाचेत जाऊन बसतो. मध वर्षाच्या आत तर चाटवायचाच नाही, दातासाठी नाही, बोट्युलिझमसाठी (मधातल्या जंतूमुळं तान्ह्या बाळाला होणारी गंभीर विषबाधा). द्यायचंच असेल तर जेवणासोबत द्या, नंतर पाणी पाजा, हातात वाटी देऊन तासभर फिरू देऊ नका. आत्यांशी ह्यावर तह झालाय, बेदाणा फक्त जेवणाच्या ताटात.

लवंगेच्या तेलावर जास्त बोलत नाही. मोठ्या माणसाच्या ठणकत्या दाढेला कापसानं लावणं वेगळं, दोन वर्षांच्या पोराच्या हिरडीला ते भाजतं आणि पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते. शेजारच्या काकूंनी भुईरिंगणीची धुरी सुचवली, दातातनं अळ्या पडतात म्हणे. दाताच्या किडीत अळी नसते हो, नाव तेवढं कीड आहे.

फ्लोराइड विष आहे का, तर जास्त झालं तर आहेच, चंद्रपूर-यवतमाळकडं काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातनं लोकांचे दात-हाडं खराब झालेली आहेत. पण हिशोब करा की. १००० पीपीएमची पेस्ट म्हणजे एक ग्रॅम पेस्टीत एक मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी लावायची, ती भरते साधारण एक दशांश ग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, आणि सगळी गिळली तरी एवढीच. टीव्हीतल्या जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती आपल्या डोक्यात बसलीय, तेवढी पोराला नाहीच लावायची. पहिला दात आला की सुरू, सकाळी आणि रात्री, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. पॅकवर पीपीएमचा आकडा वाचा, नुसतं कार्टूनचं चित्र बघून घेऊ नका, मुलांच्या कितीतरी पेस्टीत फ्लोराइड नसतंच, मी सात महिने तसलीच वापरली.

रात्री घासायचं कसं हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. पोराचं डोकं माझ्या मांडीत, पाय ह्यांच्या मांडीवर, गुडघ्याला गुडघा लावून दोघं समोरासमोर, डेंटिस्ट तपासतात तसंच. पोर रडतं तेव्हा तोंड उघडं असतं, उलट बरंच. वीस सेकंद वरचे, वीस सेकंद खालचे, मी ‘एक होता कावळा’ म्हणेपर्यंत संपतं. त्यानंतर पाजते. मधे रात्री उठला आणि थोपटून झोपला तर झोपला, नाही तर पाजते, पण तोंडात धरून झोप लागली की करंगळीनं सोडवते. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि पुढंही पाजा म्हणते आणि डेंटिस्ट घासा म्हणतात, दोन्ही एकाच रात्रीत बसतं.

‘दुधाचे दात पडणारच’. पडणार, पण कधी? पुढचे सहा-सातला, दाढा दहा-बारा वर्षांना. दोन वर्षांच्या पोराची दाढ किडली तर आठ-दहा वर्षं ती सांभाळायचीय. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातावर डाग किंवा खड्डा पडू शकतो, दाढ लवकर काढावी लागली तर बाजूची सरकून जागा खाते. आणि ठणका, तो पोर सांगू शकत नाही. आमच्याकडं आम्हाला वाटायचं चपातीचे नखरे करतो, खरं म्हणजे चावताना दुखत होतं.

दुसऱ्या ठिकाणी, मुलांच्याच डेंटिस्टकडं, दोन दातांना सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड (चांदी आणि फ्लोराइड असलेलं पातळ औषध) लावलं. ड्रिल नाही, सुई नाही, मिनिटभर थेंब लावायचा. कीड बहुतेक वेळा जिथल्या तिथं थांबते पण तेवढा भाग कायमचा काळाकुट्ट होतो. बॅटरीच्या उजेडात तो काळा दात पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं हे आपण काय करून बसलो. लग्नाकार्यात बायका विचारतात, ‘मशेरी लावली काय गं पोराला?’ मी सांगते औषध आहे. काहींना पटतं.

उरलेल्या दोन दातांत कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली होती, एकाच्या वर हिरडीला फोड आला. त्यांची रूट कॅनल करून पांढऱ्या कॅप, आणि सव्वादोनच्या आतलं पोर खुर्चीत तासभर बसणार नाही म्हणून मिरजेत भूल देऊन करायचं ठरलं. भुलीबद्दलचा मेसेज हवेतनं आलेला नाही, त्याला कारण आहे. डिसेंबर २०१६ला अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) इशारा दिला होता की तीन वर्षांच्या आत तीन तासांहून लांबलेली किंवा पुन्हा पुन्हा दिलेली भूल मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकते. त्याच इशाऱ्यात एकदाच थोडा वेळ दिलेल्या भुलीनं असं होण्याची शक्यता कमी असंही होतं, ते फॉरवर्डमध्ये गळून पडलं. २०१९ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलं, हर्नियासाठी साधारण तासाभराची भूल दिलेली तान्ही बाळं आणि फक्त कमरेखाली बधिर केलेली बाळं, पाचव्या वर्षी बुद्धीत फरक नाही. म्हणून भुलीच्या डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारायचे, किती वेळ आणि एकाच बैठकीत सगळं होईल का. मी विचारले, त्यांना राग आला नाही.

त्यांनीच सांगितलं, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नाही. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. आठचा नंबर होता. साडेतीनचा गजर लावला, झोपेतच पाजलं, चार वाजता सोडवलं, मग त्याला ह्यांच्याकडं दिलं आणि मी कुर्ता बदलून स्वयंपाकघरात जाऊन बसले, माझा वास आला की मागतो म्हणून. आठला आत नेला. सव्वानऊला बाहेर आणला तेव्हा डोळे अर्धे मिटलेले, हाताला सलाईनची पट्टी, आणि असा रडत होता की कुणाला ओळखेना. सिस्टर थोडा वेळ बघत थांबली, त्यानं मान वर करून मला बघितल्यावर म्हणाली, ‘पाजा आता.’ नव्या कॅप लागतील अशी मला भीती, पण काही नाही लागल्या. पाच मिनिटांत गप्प झाला आणि दुसऱ्या हातानं पट्टी उचकटायला लागला.